जावाच्या कानातला भुगा

दिग्विजय सरनाईक आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आला, तेव्हा लिफ्टमध्ये त्याने मला पहिला प्रश्न विचारला तो ब्रॉडबँडच्या स्पीडचा. मी निवृत्त लॅब टेक्निशियन. एकतीस वर्षं लोकांचं रक्त आणि थुंकी मायक्रोस्कोपखाली पाहिली. स्पीड पाहिला नव्हता. तसं सांगितल्यावर तो माझ्याशी बोलायचा थांबला. माझं काही अडलं नाही.

हिंजवडीच्या कंपनीत बढती मिळाली तशी त्याने पांढरी पर्शियन मांजर विकत आणली. नाव ठेवलं जावा. ऑफिसातल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं नाव मांजरीला देणारा माणूस उद्या मुलाचं काय करील, हा विचार मी मनात ठेवला. माझीही एक मांजर होती, चंपा. जिन्याखाली जन्मलेली, फुकटची. सुट्टीच्या दिवशी दिग्विजयची बायको अपेक्षा दार उघडं ठेवी, आणि दोघी मांजरी जिन्याच्या वळणावर एकमेकींना टेकून झोपत.

एप्रिलमध्ये जावा सारखं डोकं झटकायला लागली. मागच्या पायाने कान इतका खाजवायची की कानामागचे केस गेले आणि रक्ताची खपली धरली. दिग्विजयने इंटरनेटवर वाचून ॲलर्जी ठरवली आणि तिचं डबाबंद खाणं तीनदा बदललं. मग बुरशी ठरवली. मग कानात लसणाचं तेल घातलं आणि इअरबडने कोरकोर कोरलं. डॉक्टरला दाखवलंत का, असं मी जिन्यात विचारलं, तर म्हणाला, "आंटी, मी रिसर्च केलाय."

हा रिसर्च पुढे सरकत चंपापर्यंत पोचला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याने भिंतीवर बारा स्लाइड दाखवल्या: भटकी मांजरं, रोगराई, फ्लॅटच्या पडणाऱ्या किमती. सगळी मोकाट मांजरं पकडून न्यावीत, असा अर्जही दिला. आमचे सेक्रेटरी हिंमतराव स्लाइडच्या रंगांनीच भारावले. मी एवढंच विचारलं की, या बारांत जावाच्या कानाच्या आतला एक तरी फोटो आहे का. नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अपेक्षा कपड्यांच्या टोपलीत जावाला घालून माझ्या दारात उभी. मांजर दोन दिवस जेवली नव्हती आणि नवरा कॉलवर होता. मी टॉर्च लावून कान पाहिला. आत काळपट भुगा भरलेला, कॉफीच्या चोथ्यासारखा. साधा मळ असा दिसत नाही. आम्ही रिक्षा केली आणि डॉक्टर कमरजहां मुजावर यांच्या दवाखान्यात गेलो.

त्यांनी काडीवर थोडा भुगा घेतला, काचपट्टीवर तेलाच्या थेंबात कालवला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. जुन्या सवयीने मीही डोळा लावला. पांढरट, आठ पायांचे किडे सावकाश चालत होते. कानातले माइट्स.

"लसूण कुणी घातला?" डॉक्टरांनी विचारलं.

बडने मळ आत ढकलला गेला होता, कान आतून सोलला होता. पडदा शाबूत होता, एवढंच नशीब. डॉक्टरांनी कानात औषधाचे थेंब टाकून कानाचं मूळ हलकेच चोळलं, वर आलेला मळ कापसाने टिपला आणि इंजेक्शन दिलं. पंधरा दिवसांनी दुसरं. अंडी मागे उरतात, म्हणाल्या. बरं वाटलं म्हणून मध्येच थांबू नका. मग त्यांनी विचारलं की, हिच्या संगतीत आणखी कुठली मांजर आहे का.

अपेक्षाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, चंपा ठणठणीत आहे, कधी खाजवत नाही.

"तरी आणा."

संध्याकाळी नेलं. दिग्विजयही आला, पुरावा गोळा करायला. चंपाच्या डाव्या कानाच्या तळाशी तोच भुगा निघाला. ही मांजर रोज माझ्या उशाशी झोपायची, आणि भर मीटिंगमध्ये दुसऱ्याला कानाचा फोटो मागणाऱ्या शैलाबाईंनी, म्हणजे मीच, तिचा कान कधी उलटून पाहिला नव्हता. त्या क्षणी दिग्विजयइतकीच माझी मला किळस आली.

"मी म्हणतच होतो," तो म्हणाला.

"कुणी कुणाला दिले ते किडे सांगत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची मांजर विकत आणली तेव्हाच ते घेऊन आली असेल. औषध दोघींना द्यायचं. आता हे बघा."

तो मायक्रोस्कोपवर वाकला आणि बराच वेळ उठला नाही.

"हे हलतायत," तो म्हणाला. "दोन महिने हे तिच्या कानात होतं?"

माझ्याकडे एक वाक्य तयार होतं, चांगलं धारदार. पण चंपा टेबलावर कान पाडून बसली होती, तेव्हा ते गिळलं.

चार दिवसांनी त्याने ई-मेल करून अर्ज मागे घेतला. कारण दिलं, 'नवी माहिती उपलब्ध'. चूक झाली हे दोन शब्द इंग्रजीतसुद्धा त्याला सापडले नाहीत. जून संपेपर्यंत दोन्ही मांजरींचे कान आतून स्वच्छ, गुलाबी झाले.

जावा मात्र त्याच्या पावलांचा आवाज आला की सोफ्याखाली जाते. तो रिकामे हात दाखवत जमिनीवर बसून राहतो, असं अपेक्षाने सांगितलं. ऐकून मला वाईट वाटलं नाही. त्या घरात अक्कल मांजरीला आहे, तेवढं कळलं.