बंड्याचा आत्मा दूध पितो

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास, कोगनोळीच्या अलीकडे हायवेला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडपुढे दोनअडीचशे माणसं उभी होती. कुणाच्या हातात मेलेल्या म्हशीचं दावं, कुणाच्या हातात बैलाची घुंगरमाळ, एका म्हातारीच्या ओच्यात बोक्याच्या गळ्यातली घंटी. आत श्रीनाथ महाराज मेलेल्या जनावरांचे आत्मे बोलवत होते.

पण त्या दिवशी लोक आपापल्या जनावरांना विसरले होते. सगळे मष्णूकडे बघत होते.

मष्णू तिशीतला, तंबाखूच्या रानात राबणारा धट्टाकट्टा गडी. थोरला भाऊ युवराज आणि आणखी एकानं दंड धरून त्याला महाराजांच्या गादीपुढं बसवलं होतं. तोंडातून लाळ गळत होती, डोळे विस्फारले होते. मधूनच घशातून कोरडा, तुटका आवाज निघायचा आणि गर्दी दोन पावलं मागं सरायची.

"भुंकालाय! ऐकलासा? भुंकालाय!"

"भिऊ नका," महाराज म्हणाले. गळ्यात कवड्यांची माळ, हातात दुधानं भरलेली तांब्याची नक्षीदार वाटी. "हा मष्णू न्हवं. हा बंड्या. युवराजच्या दारातला बंड्या! माणूस मेला की वर जातो. कुत्रं इमानी, ते कुठं जाईल? मालकाच्या घरीच येणार. आणि दार बंद असलं तर मालकाच्या अंगात शिरणार! बन्नी बंड्याप्पा, बन्नी. ये रं, दूध पी."

त्यांनी वाटी मष्णूच्या तोंडाशी नेली. मष्णूचं सगळं अंग ताठलं. मानेच्या शिरा फुगल्या, तो मागं कोसळला. "नको... नको रं..." एवढंच कसंबसं तो बोलला.

महाराजांनी डोळे मिटले, वाटी डोक्यावर धरली आणि काहीतरी पुटपुटले. मग वाटी खाली आणून लोकांना दाखवली. दूध निम्म्यावर आलं होतं. एक थेंब सांडला नव्हता.

"बंतु! बंतु! आला, प्याला!" महाराज ओरडले. लोकांनी हात जोडले.

मी दाराशी उभी होते. मी वसुधा, तिथून जवळच्या गावातल्या जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर. आमच्या मदतनीस अक्काताई सकाळी धापा टाकत आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, युवराजचा भाऊ कुत्र्यासारखा भुंकतोय म्हणं." मी त्यांना घेऊन तशीच गाडी काढली होती. मष्णूला बघितल्यावर मला विचारायची गरज उरली नव्हती. पिसाळलेली जनावरं मी पाहिली होती. माणूस पहिल्यांदाच पाहत होते.

पाच आठवड्यांपूर्वी युवराजनं मला फोन केला होता. "मॅडम, आमचा बंड्या मेला. चार दिवस काय खाईना, लाळ गाळायचा. रानात कुणीतरी औषध घातलं बघा. पुरू काय?" मी तेव्हा एका अडलेल्या गाईपाशी होते, कोपरापर्यंत हात भरलेले. "खोल पुरा," म्हटलं आणि फोन ठेवला. तो कुणाला चावला का, एवढा एक प्रश्न मी विचारला नाही. कुणाला पटो न पटो, या गोष्टीत माझा वाटा तेवढा आहे.

मष्णूच्या मागं त्याची वहिनी मंगल बसली होती. मांडीवर तिची नऊ वर्षांची पोर आरोही. मी वाकून तिचा हात हातात घेतला. डाव्या मनगटावर दोन वाळलेले व्रण होते.

"हे कशानं झालं?"

"बंड्यानंच," आरोही म्हणाली. "मी तेला भाकरी देत होते. तेनं मुद्दाम न्हाय केलं."

"आणि काकाला?"

"काका सोडवायला आलता. तेच्या बोटाला लागलं."

मी मंगलला बाजूला ओढलं. "आक्का, हे आत्माबित्मा काही नाही. बंड्याला रेबीज झाला होता. भाऊजींनाही तेच झालंय. पोरीला आत्ताच्या आत्ता इंजेक्शन द्यायला हवं. माझी गाडी आहे, चला."

ती जागची हलली नाही. "महाराज म्हणालेत, पोरीला सुई टोचली तर बंड्याचा आत्मा बिथरंल. मग तिलाबी असंच हुईल."

"हे त्यांनी कधी सांगितलं?"

"चावला त्याच आठवड्यात आलतो की आम्ही. बंड्या मेला तशी पोरगी जेवंना, बोलंना. हितं दूध पेलं तेनं, तवा पहिल्यांदा हसली." ती रडायला लागली. "मॅडम, ती हसली वो. मग मी कसं म्हणू, खोटं हाय म्हणून?"

मला तिचा राग आला नाही. कुत्र्यापायी उपाशी झुरणारी पोर ज्यानं हसवली, त्याचा शब्द कुठली आई मोडेल? पण मष्णूचा घसा पुन्हा वाजला आणि माझ्या लक्षात आलं, समजुतीनं सांगत बसायला वेळ नाही. आधी ती वाटी फोडायला हवी.

मघाशी मी एक गोष्ट पाहिली होती. वाटी भरलेली असताना महाराजांचा उजवा अंगठा काठाखालच्या एका कमळावर घट्ट दाबलेला होता. डोळे मिटले, तसा अंगठा उचलला गेला.

मी पुढं गेले. "महाराज, मलाही एका कुत्र्याचा आत्मा बोलवायचाय. वाटी द्या."

"बाईमाणसानं ती हातात घ्यायची न्हाय."

"मग युवराज, तुम्ही घ्या."

युवराज गोंधळून महाराजांकडं, मग भावाकडं बघत राहिला. दोन दिवस झोपला नव्हता. महाराज "अपवित्र, अपवित्र" म्हणत मागं सरकले, तसं त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. त्यानं पुढं होऊन वाटी हिसकावली.

"त्या कमळावर अंगठा दाबा," मी म्हटलं. अक्काताईंनी गादीशेजारच्या चरवीतलं दूध ओतलं. वाटी भरली. "आता कुणालाही बोलवू नका. नुसता अंगठा उचला."

युवराजनं अंगठा उचलला. सगळ्यांच्या देखत दूध खाली खाली गेलं.

"कोण प्यालं?" मी विचारलं. "आता आपटा ती."

त्यानं वाटी दाराच्या दगडावर आपटली. तिसऱ्या घावाला सांधा उकलला आणि आतून दूध वाहायला लागलं. ताज्यामागून आदल्या दिवसाचं, नासकं, पिवळट. उदबत्त्यांच्या धुरातूनही त्याचा आंबूस वास सगळ्यांना आला. वाटी दुहेरी होती. दोन पत्र्यांमध्ये पोकळी. आतल्या बुडाशी एक भोक, बाहेर कमळाच्या मधोमध दुसरं. बाहेरचं भोक दाबलं की पोकळीतली हवा कोंडते आणि दूध जागच्या जागी राहतं. अंगठा उचलला की हवा निघून जाते, दूध आत उतरतं. आत्म्याचं काम एवढंच.

"आणि बंड्याचं नाव कसं कळलं त्यांस्नी?" मागून एकानं विचारलं.

"रांगेत उभं असताना तुम्ही कुणाला काय काय सांगितलं, ते आठवा," मी म्हटलं. चपला सांभाळणारा महाराजांचा माणूस तोवर दिसेनासा झाला होता.

महाराज ओरडले, "म्हणजे जनावराला आत्मा न्हाय म्हणता तुम्ही?"

"ते मला माहीत नाही. जनावराला रेबीज होतो, हे माहीत आहे."

मंगल त्या फुटक्या वाटीकडं बघत होती. मग तिनं पोरीला उचललं आणि माझ्या गाडीत जाऊन बसली.

मष्णूला बेळगावला नेलं. एकदा लक्षणं दिसली की या रोगातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही; तिथल्या डॉक्टरांनी युवराजला ते स्पष्ट सांगितलं. घसा आखडतो, पाणी दिसलं तरी कळ येते, वारा लागला तरी येते. त्या कळेचा आवाज म्हणजे लोकांना वाटलेलं भुंकणं. तो पूर्ण शुद्धीवर असायचा, हे सगळ्यात वाईट. "दादा, मी कुत्रं न्हाय न्हवं?" असं त्यानं युवराजला दोनदा विचारलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. चावल्या दिवशी जखम साबणानं धुऊन इंजेक्शनं घेतली असती, तर तो आज रानात असता.

आरोहीला त्याच गुरुवारी लस सुरू झाली, व्रणांभोवतीही इंजेक्शनं दिली. मष्णूची लाळ लागली होती म्हणून मंगल आणि युवराजलाही लस घ्यावी लागली. उशीर झाला होता. उपयोग होईल की नाही, खात्री कुणीच देईना. त्यानंतर कित्येक महिने मंगल रोज सकाळी पोरीपुढं पाण्याचा पेला धरायची आणि ती तो पिईपर्यंत श्वास रोखून बघायची. आरोही पाणी प्यायची. वर्ष झालं, अजून पिते आहे.

त्याच दिवशी पळालेले महाराज पंधरा दिवसांनी पोलिसांना सापडले. खटला चालू आहे. शेडला कुलूप आहे.

मध्ये एकदा आरोहीनं मला विचारलं, "मॅडम, बंड्याला खरंच आत्मा न्हवता?"

मी तिला खोटं सांगितलं नाही. "मला माहीत नाही गं. पण त्याला भूक लागायची, दुखायचं, तू दिसलीस की शेपटी हलायची. हे तू स्वतः पाहिलंस. त्यासाठी दुसऱ्या कुणाच्या साक्षीची गरज नाही."

"मग तेला पण सुई टोचायला पायजे हुती."

"हो. आणि ती आपण टोचली नाही."

गेल्या महिन्यात गावच्या शाळेच्या पटांगणात आम्ही कुत्र्यांना लस द्यायला बसलो. लोक यायला बिचकत होते. महाराजांचा एक जुना भक्त दाराशी उभा राहून मुक्या जीवाच्या आत्म्याला सुईचा त्रास, असं काहीबाही बोलत होता. आमच्याबरोबर बसलेली मंगल उठली. चार माणसांपुढं ती कधी बोललेली नव्हती.

"आत्मा असंल न्हाईतर नसंल," ती म्हणाली. "मला तेवढी अक्कल न्हाय. माझा दीर मात्र माझ्यापुढं गेला, पाणी पाणी करत आन पाण्याला भीत. कुत्रं चावलं तर आधी साबण लावून नळाखाली धुवा, पंधरा मिनटं. मग दवाखान्यात जावा. सगळ्या सुया घ्या. आन कुणी तुम्हाला थांबा म्हणालं, तर तेला इचारा, का थांबू? उत्तर ऐकून न्हाय, तपासून घ्या. आमी इचारलं न्हाय."

दाराशी उभा असलेला माणूस बाजूला सरला. रांगेतल्या पहिल्या बाईनं आपलं कुत्रं पुढं ओढलं.