तांब्याचा चेहरा

प्लास्टर घट्ट व्हायला लागलं तसे खुर्चीच्या हातांवरचे त्याचे पंजे आवळले गेले. बाईंनी त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि आता थोडाच वेळ राहिलाय असं हळू आवाजात सांगितलं. श्वासासाठी दातांत धरलेल्या नळीतून बारीक शिट्टी वाजत होती. ती शिट्टी जरा सावकाश झाल्यावर त्यांनी कानांच्या बाजूने बोटं सरकवली आणि अख्खा साचा अलगद ओढून घेतला.

आत चेहरा होता, म्हणजे त्यातलं जे उरलं होतं ते. डावा डोळा नाही, नाक नाही, गाल आत गेलेला. कपाळ, उजवा डोळा आणि हनुवटी मात्र शाबूत. बाईंनी कोमट पाण्याचं फडकं त्याच्या हातात दिलं आणि त्याला तोंड पुसता यावं म्हणून पाठ फिरवली.

इस्पितळाच्या मागच्या इमारतीत, सर्वांत वरच्या मजल्यावर हा कारखाना होता. युद्ध संपून वर्ष झालं तरी जिन्यावर माणसांची रीघ होती. शस्त्रवैद्यांनी हात टेकले की माणूस बाईंकडे यायचा. बाई मूळच्या शिल्पकार. उरलेल्या चेहऱ्याचा साचा काढायचा, जुना फोटो समोर ठेवून गेलेला भाग मातीत उभा करायचा, मग त्यावरून तांब्याचा पातळ पत्रा घडवायचा, आणि शेवटी तो त्या माणसाच्या तोंडावर चढवूनच रंगवायचा, असं ते काम. चष्म्याच्या काड्यांनी मुखवटा कानांवर अडकायचा. पत्र्याचं काम एक म्हातारे ओतारीकाका बघत. जन्म नळाच्या तोट्या ओतण्यात गेलेला. आधी तोट्या केल्या, आता नाकं करतोय, दोन्ही गळली नाहीत म्हणजे मिळवली, असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. एखादा हसायचा. हसता येणारे फार नव्हतेच.

जिन्यावरून नवा माणूस आला की बाई आधी त्याचे हात बघत. त्यांचा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी आघाडीवर बेपत्ता झाल्याचं पत्र आलं होतं. पत्रात ‘मृत’ असा शब्द नव्हता, आणि त्या नसलेल्या शब्दावर घरी आई जगत होती. बाई संध्याकाळी घरी पोचल्या की आईचा प्रश्न ठरलेला, आज कुणी नवीन आलं का गं? भावाची नखं, बोटांची पेरं बाईंना पाठ होती. चेहऱ्याचा भरवसा राहिला नव्हता.

या शिपायाचे हात भावाचे नव्हते. त्याने खिशातून फोटो काढून टेबलावर ठेवला. पंचविशीतला हसरा तरुण, बारीक मिशी, टोपी जरा तिरकी. बाईंनी साच्यावरून काढलेला चेहरा शेजारी ठेवला, कंपासने मापं घ्यायला सुरुवात केली आणि तिसऱ्याच मापाला थांबल्या. फोटोतल्या हनुवटीला खोल खळी होती. समोरच्या माणसाची हनुवटी सपाट होती, आणि हनुवटीला तर काहीच झालेलं नव्हतं.

त्यांनी काकांना खालून कोळसा आणायला पाठवलं. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर त्या म्हणाल्या,

“हा फोटो तुमचा नाही.”

त्याने फोटो पालथा घातला. मग त्याने सगळं सांगितलं. नाक नसल्यामुळे शब्द घोगरे यायचे, पण घाई न करता सांगितलं. फोटोतला तरुण त्याच्या तुकडीतला जोडीदार. थंडीने काकडत होता म्हणून याने आपला जाड कोट त्याला दिला आणि त्याचा पातळ स्वतः घातला. पहाटे तोफेचा गोळा पडला, जोडीदार जागीच गेला. कोटांत ओळखपत्रं होती. शुद्धीवर आला तेव्हा खाटेच्या पायथ्याशी जोडीदाराचं नाव लिहिलेलं होतं आणि त्याचं स्वतःचं नाव मेलेल्यांच्या यादीत छापून आलं होतं. चूक सांगायला हवी होती. पण तोंडाला पट्ट्या होत्या, आणि पट्ट्या निघायच्या आधी जोडीदाराच्या आईची पत्रं यायला लागली. दर आठवड्याला एक. सात महिने तो ती नुसती वाचत होता. मग एकदा उत्तर लिहिलं, तिचा मुलगा होऊन.

“आणि तुमच्या घरी?” बाईंनी विचारलं.

घर नव्हतं. अनाथाश्रमातला तो. त्याच्या नावाने छापलेली ती ओळ वाचून कुणी डोळे पुसले असतील असं त्याला वाटत नव्हतं.

“म्हणजे मी गेलो त्याने कुणाचं काही अडलं नाही, बाई. तो गेला तर ती म्हातारी जगायची नाही.”

“आई आहे ती. ओळखेल.”

“दाढी वाढवीन. आवाज असा झालेला, तो काय कुणाचाही वाटेल.” मग तो म्हणाला, “तुमच्या दारात कुणी असा आला असता, तर तुम्ही दार लावून घेतलं असतं का?”

त्याला भावाबद्दल काही माहीत असणं शक्य नव्हतं. बाईंनी कंपास मिटला आणि उद्या या म्हणून सांगितलं.

नियम साधा होता. फोटोबद्दल शंका आली तर खाली कचेरीत कळवायचं. बाई त्या दिवशी दोनदा जिन्याच्या तोंडाशी जाऊन परत आल्या. संध्याकाळी घरी गेल्या, तर आईने नेहमीचं विचारलं. बाईंच्या तोंडून नेहमीचं ‘नाही’ लगेच निघालं नाही. तेवढ्यानेच आई खुर्चीतून अर्धी उठली. तिला परत बसवताना बाईंना तिचे खांदे हाताला काटक्यांसारखे लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माती भिजवली.

आजवर त्यांनी जिवंत माणसांना त्यांचेच चेहरे परत दिले होते. हे काम निराळं होतं. मातीतून गाल वर यायला लागला तसं त्यांना आपल्याकडे कुणीतरी बघतंय असं वाटायला लागलं. शिपाई नव्हे, तो तर खिडकीबाहेर बघत असायचा. कधी नाकपुडी नीट जमायची नाही, चार चारदा मोडावी लागायची. आणि कधी बोटं आपोआप अशा ठिकाणी दाबली जायची जे फोटोत दिसतही नव्हतं, आणि तेच बरोबर वाटायचं. घरी हात धुताना त्या पुटपुटत, हे तुला चालणार आहे का रे? आपण कोणाला विचारतोय हे लक्षात आलं की त्या नळ बंद करत.

रंगवण्याचा दिवस ढगाळ होता, हवा होता तसाच. मुखवटा त्याच्या तोंडावर चढवून बाईंनी थरावर थर दिले. गालाची उन्हाने रापलेली छटा, दाढीच्या खुंटांचा निळसर रंग, डोळ्याखालची सावली. शेवटचा हात फिरवून त्या मागे सरल्या तेव्हा पलीकडे काकांची कानस थांबली होती.

“या पोराला मी कधी पाहिलेलं नाही,” काका म्हणाले, “पण दार न वाजवता आत आल्यासारखा वाटतोय.”

शिपायाने आरसा मागितला. कारखान्यात आरसा कपाटात कुलपात असे. बाईंनी तो काढून दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि किती तरी वेळ बघत राहिला. मग अगदी घरच्यासारखं, हळूच म्हणाला,

“आलास का रे?”

बाई ब्रश धुवायला वळल्या.

तो गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. पुढच्या वर्षी कारखाना बंद झाला. काका गेले. आईही गेली, शेवटच्या दिवसापर्यंत तोच प्रश्न विचारत. बाई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवू लागल्या. गर्दीत कधी टोपी तिरकी घातलेला कुणी दिसला की त्यांची पावलं अडखळायची. आपण केलं ते बरं की वाईट, याचा निवाडा त्यांना करता आला नाही. ज्या आईला फसवलं तिचं तोंड तरी एकदा बघायला हवं होतं, असं मात्र वाटत राहिलं.

अकरा वर्षांनी, एका रविवारी दुपारी, दाराशी एक म्हातारी उभी होती. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. शाळेत पत्ता विचारून आलेली, जिने चढून दमलेली. पाणी पिऊन झाल्यावर तिने डबा उघडला आणि मऊ फडक्यात गुंडाळलेला मुखवटा बाहेर काढून बाईंच्या हातात दिला. नाकाच्या कडेचा रंग उडाला होता, आतलं तांबं दिसत होतं.

“माझ्या मुलाचा आहे. तुम्हीच केलेला ना?”

बाईंनी मान हलवली.

म्हातारी सांगत राहिली. मुलगा सुतारकाम करतो. हाताला गुण आहे, माणसं लांबून येतात. घरात मुखवटा लागत नाही, तिला सवय झालेली. बाहेर जाताना लागतो. पण हल्ली लोक टक लावून बघतात. गळ्याला सुरकुत्या, दाढी पिकायला लागलेली, आणि वर चेहरा पंचविशीचा. परवा दुकानात एक लहान मूल किंचाळलं, तेव्हापासून तो घराबाहेर पडलेला नाही.

“रंग लावाच. पण जरा वय वाढवून द्या.”

बाईंनी मुखवटा उजेडात धरला. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं,

“किती आहे आता वय?”

म्हातारीने पदर सारखा केला.

“माझा मुलगा छत्तिसाचा झाला असता. हा अडतिसाचा आहे. मधलं काहीतरी करा.”

रस्त्यावरून कुणीतरी गाडा ढकलत नेत होतं. बाईंनी मुखवटा उजेडातून खाली घेतला.

“कधी कळलं तुम्हाला?”

“पहिल्याच दिवशी. दारात आला आणि आधी पाय पुसले. माझ्याने कधी पुसले नव्हते हो.” ती जराशी हसली. “मी म्हटलं, चालत आलाय, भुकेला असेल. आधी जेवू दे, मग बघू. मग ते राहूनच गेलं.”

“त्यांना माहीत आहे, तुम्हाला कळलंय ते?”

“त्यावर आम्ही बोललो नाही.”

बाई उठल्या. खिडकीपाशी टेबल ओढलं, रंगांच्या बाटल्या मांडल्या. डोळ्याच्या कोपऱ्यात दोन रेषा, गालाला जरा उतार, ते सगळं जमण्यासारखं होतं. मिशीवर त्या अडल्या. ती खऱ्या केसांची होती, एकेक केस चिकटवून केलेली, काळीभोर. त्यात थोडे पांढरे घालायला हवेत, आणि तसे केस आता आपल्याकडे नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

म्हातारीने टेबलावरची कात्री उचलून त्यांच्यापुढे धरली. मग पाठ त्यांच्याकडे करून बसली आणि अंबाडा सोडला.