आईकडचा विस्तव

"गीळ लवकर! गरम आहे तोवर गीळ!" बंडूजी भगत ओरडला, आणि हरिदासने डोळे गच्च मिटून काळ्या बोकडाच्या कच्च्या काळजाचा तुकडा तोंडात टाकला.

ताटली त्याच्या बहिणीच्या, सुलोचनाच्या हातात होती. कोमट, चिकट रक्त कडेकडेने तिच्या अंगठ्याच्या नखापर्यंत आलं होतं, आणि त्यावर एक माशी पंगतीला बसावं तशी ऐसपैस बसली होती. सुलोचनाने श्वास रोखला. दादाच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, आणि सगळं भसकन् सारवलेल्या अंगणात पडलं. शी! ताटली, माशी, भगत, सगळंच एका झोळीत बांधून वर्धेच्या पात्रात भिरकावून द्यावं असं तिला झालं.

"पोटानं ठेवलं नाई," बंडूजी म्हणाला आणि तंबाखूची लाळ मनगटाने पुसून तेच मनगट त्याने हरिदासच्या कपाळावर ठेवलं. "बाबारावच्या कुळाचा कोप आहे. सोडत नाई."

दाराच्या खांबाला टेकलेल्या बाबारावांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, नेहमीसारखी मान खाली घातली. हरिदासच्या पापण्या गळू लागल्या तेव्हापासून नाचणगावात हेच चाललं होतं. पुलगावच्या कापसाच्या जिनात तो कामाला जाई, पण दुपार कलली की हात उचलत नसत आणि रस्ता पाहायला हनुवटी आभाळाकडे करावी लागे. लोक त्याला झोपाळू म्हणत. घरचे कुळाला दोष देत, आणि कूळ म्हणजे बापाचं, त्यात विचारायचं काय?

आज तळेगावहून रूपरावमामा आले होते. त्यांची लेक सुंदरा हरिदासला द्यायची हे लहानपणापासून ठरलेलं. दोघांनाही ते हवं होतं. आता मामा बाजेवर बसून हनुवटी उंच करून सगळं पाहत होते.

"राग मानू नका, बाबारावजी," ते म्हणाले. "पण तुमच्या घरचं हे दुखणं उद्या माह्या नातवंडात उतरन. सुंदरा मले देता येत नाई."

हरिदास लोटा उचलून तोंड धुवायला कुडाकडे वळला.

सुलोचनाने ताटली दाणकन् खाली ठेवली. मॅट्रिकच्या वर्गात विज्ञानात तिचा नंबर पहिला होता आणि ते तिच्या चालण्यातसुद्धा दिसे. मागच्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर पेशी काढली होती. आत बारीक बारीक दाणे. मायटोकॉन्ड्रिया म्हणायचं त्यांना. खाल्लेलं अन्न आणि घेतलेला श्वास तिथे एकत्र येतात, आणि त्या जळण्यातून शरीराला ताकद मिळते. म्हणजे पेशीतल्या चुलीच की! सुलोचनाने हात वर करून विचारलं होतं, "आणि त्या चुली मंद पडल्या तर?" बाई थांबल्या, म्हणाल्या, "मला ठाऊक नाही. बहुतेक कुणालाच नसेल अजून." तेव्हापासून तिच्या डोक्यात पापण्याच होत्या. दिवसभर उचलाव्या लागणाऱ्या पापण्या.

"मामाजी, हनुवटी खाली करून माह्याकडे पाहा बरं."

"काऊन?"

"पाहा तं!"

मामांनी हनुवटी उतरवली. पापण्या अर्ध्या डोळ्यांवर ओघळल्या. तळेगावात त्यांना तोऱ्याचा माणूस म्हणत. तो तोरा सुलोचनाच्या गुडघ्यापर्यंतच पाहू शकला.

"हे बाबांच्या घरचं असंन, तं तुमच्यात कुठून आलं? शोभामावशीत? तिच्या सगळ्या लेकरांत? मायच्या पापण्या पाहा. आता बाबांच्या भावांत एक तरी असा दाखवा!"

"हे पोरगी वकील होऊन राह्यली काय?" मामा हसायला गेले, पण हसू पुरं झालं नाही. "मंग माह्या पोरांत काऊन नाई?"

"तेच तं! बापाकडून उतरतच नाई हे. आईच्या चुलीतला विस्तव आहे, तिथूनच येते. मामीची चूल चांगली, तुमची लेकरं चांगली. दादाची लेकरं सुंदराताईवर जातीन. ठणठणीत!"

मामांनी एका बोटाने पापणी उचलली आणि भाच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मायचं कूळ कोणी इचारलंच नाई कधी," ते पुटपुटले. मग उठून त्यांनी हरिदासच्या पाठीवर थाप दिली. "वैशाखात उरकू."

सुलोचनाने टाळी वाजवली. जिंकलो! ती आईकडे वळली. भागीरथा हसत नव्हती. ती बंडूजीकडे पाहत होती. त्याने चपलेत घातलेला पाय पुन्हा बाहेर काढला होता. नाचणगाव, पुलगाव, थेट तळेगावपर्यंत, सोयरिकीचे निरोप त्याच्याच तोंडून फिरत.

"शाणी आहे पोरगी," तो गोड आवाजात म्हणाला. "मायकडून उतरते म्हणतं. पोरालेबी अन् पोरीलेबी?"

"हो तर! सगळ्या..."

ती थांबली. अंगणातले सगळे तिच्या डोळ्यांकडे पाहत होते.

खांबापासून बाबाराव पुढे आले. "लेकरू आहे, शाळेतलं काईबी बोलते. कोप माह्याच कुळाचा आहे, बंडूजी. काय करू, सांगा."

बंडूजीने थोडा विचार केला. त्याला हे आवडलं होतं.

"कुळानं तोंडात खेटर धरून माफी मागावी. चारचौघांत."

बाबारावांनी वाकून त्याचीच चप्पल उचलली. तळाला ओलं शेण, बोकडाचे केस, कुणाची तरी थुंकी. त्यांनी ती दातांत धरली आणि हात जोडून अंगणभर फिरू लागले. शेजारच्या दोन बाया कुडाशी येऊन उभ्या राहिल्या. मामांनी हनुवटी खाली केली. आता त्यांना काही दिसत नसणार.

सुलोचना आईकडे धावली.

"माय, बाबांना सांग ना. हे खोटं..."

भागीरथाने तिचं मनगट धरलं. घागरही न उचलवणाऱ्या त्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"बंडूजींच्या पाया पड," ती म्हणाली. "कोप उतरला असं गावाले सांगा, म्हणावं. उद्या तुह्या सोयरिकीचा निरोपबी त्याईच्याच तोंडून जाईन."

बंडूजीचा अनवाणी पाय घामाने ओला होता. सुलोचना वाकली आणि तिने त्यावर दोन्ही हात ठेवले.