माझ्या पोटावर लागलेली पैज

मित्रांनो, माझा जीव पैजेवर लावला तेव्हा मला कुणी विचारलंसुद्धा न्हाई.

मी एक जुना रांजण हाय. औशाजवळच्या एका गावात, बाजाराच्या रस्त्याला लागून तुळजाबाईंची ओसरी हाय, तिथं वाळूच्या अळ्यात बसून असतो. पोट मोठं, मान आखूड, डोक्यावर पत्र्याचं झाकण आन् झाकणावर पितळी तांब्या पालथा. जाणारा-येणारा माझं पाणी पितो आन् मी त्याच्या गप्पा पितो. म्हणून गावात कुणाच्या घरी काय शिजून राहिलंय, ते मला आधी कळतंय.

तर ह्याच मे महिन्यातली गोष्ट. आमच्या भिंतीला भिंत लावून माणिकप्पाचं घर. पिठाची गिरणी हाय त्याची. त्यानं दोन बॅटऱ्यांचं इन्व्हर्टर आणलं आन् गल्लीत पेढे वाटले. पेढा द्यायला आमच्या ओसरीवर आला तेव्हा तुळजाबाई खाली बसून आपली पेटी तपासत होत्या.

ती पेटी म्हणजे गावाची करमणूक. पत्र्याची पेटी, खाटेखाली ठेवलेली. तिच्यात दोन टॉर्च, सेल, प्लास्टिकात गुंडाळलेली काडेपेटी, मेणबत्त्या, तापाच्या गोळ्या, मीठ-साखरेच्या पुड्या, आधार कार्डाच्या झेरॉक्सा आन् एक छोटं कोरडं मडकं. दर आमुशाला लोकं नारळ फोडतात. तुळजाबाई नारळ फोडतात आन् मग पेटी उघडतात. टॉर्च पेटवून बघायची, सेल चाखल्यासारखे चाचपायचे, गोळ्यांवरची तारीख वाचायची. शेवटी मला आतून घासून-पुसून पाणी भरायचं. त्यांचे मालक अण्णाराव समद्यांना सांगत फिरायचे की आमची बायको टॉर्चला हळद-कुंकू लावती.

माणिकप्पानं पेटीकडं बघितलं आन् हसला. म्हणला, वैनी, आता दोन दिवस जरी लाईट गेली तरी माझं घर कुणाच्या दारात काही मागायला यायचं न्हाई. तुळजाबाई म्हणल्या, आन् आलं तर? झालं. पारावरची चार टाळकी ओसरीवर गोळा झाली. ठरलं असं की लाईट गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सांजच्या सहाच्या आत माणिकप्पाला यावं लागलं, तर त्यानं गुरुवारच्या भरल्या बाजारात मला मिठी मारून तीनदा मोठ्यानं म्हणायचं, "रांजणदादा, तुम्ही थोरले, मी धाकला."

"आन् वैनी हरल्या तर?" माणिकप्पानं विचारलं.

"तर हा रांजण तिनं आपल्या हातानं फोडायचा," अण्णाराव म्हणाले.

मित्रांनो, तीस वर्षं त्या माणसाला गार पाणी पाजलं मी. पण त्याचंबी खरं हाय. रोज पहाटे उठला की त्याचा अंगठा माझ्या अळ्याला ठेचतो. आता कधीकधी मी... जाऊ द्या.

तुळजाबाई तावात होत्या. म्हणल्या, फोडीन.

त्या असं म्हणल्या तेव्हा माझ्या पोटातलं पाणी गरम झालं. कारण मी त्यांच्या घरातला साधा रांजण न्हाई. किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षी त्या नव्या नवरी होत्या. घर पडलं, लाईट गेली, आडात माती पडली. पहिल्या दिवशी सासूला घोटभर पाणी द्यायला त्यांच्यापाशी काही नव्हतं. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये ऱ्हायला गेल्या तेव्हा ताट न्हाई, पलंग न्हाई, पहिल्यांदा मला विकत आणलं. औशाच्या एका कुंभारानं मला चाकावर चढवलं, थापटण्यानं ठोकून ठोकून पोट फुगवलं, भट्टीत भाजलं आन् कडब्यात गुंडाळून बैलगाडीत बसवलं. तुळजाबाईंनी मला टिचकी मारली, मी टण्‌कन वाजलो. त्या म्हणल्या, हाच.

मग घरात फ्रिज आला तसा मी गोठ्यात गेलो. दोन वर्षं माझ्या पोटात पेंड भरली होती. कोंबडी माझ्या डोक्यावर अंडी घालायची. पण लातूरला पाण्याची रेल्वे आली त्या उन्हाळ्यात तुळजाबाईंनी मला पुन्हा ओसरीवर आणलं, तवापासून मी इथंच. अशा बाईनं मला फोडीन म्हणावं?

पैजेला आठ दिवस झाले आन् शनिवारी दुपारी अवकाळी आलं. गारा, वारा, पत्रे उडाले, रस्त्यावर बाभळी आडव्या, आन् विजेचे अकरा खांब झोपले. लाईनमन मोटरसायकल ढकलत आला आन् म्हणला, मंगळवारच्या आत आशा धरू नका.

शनिवारी सांजच्याला माणिकप्पाचा थाट बघायचा होता. समद्या गावात अंधार, आन् ह्यानं दारावर लग्नातली रोषणाई लावलेली. कूलर चालू, टीव्ही चालू. वर गल्लीला आवतन, या, मोबाईल चार्ज करून घ्या. लोकं चहा पीत बसली. मनानं मोठा हाय माणूस, फक्त त्याला कुणीतरी बघितलं पाहिजे. रविवारी सकाळी इन्व्हर्टर कूं कूं करायलं आन् नऊ वाजता गप झालं.

आता पैजेचा दुसरा दिवस. संध्याकाळी सहाला मुदत संपणार. पाणी त्याच्या टाकीत होतं, मेणबत्त्या होत्या. दात-ओठ खाऊन बसला असता तर जिंकला असता, आन् मी खापऱ्या झालो असतो.

पण भिंतीपल्याड काय चाललंय ते मला ऐकू येत होतं. माणिकप्पाची आई, नागम्मा, ऐंशीची. मूळची कर्नाटकातली, शुगरची पेशंट, रोज दोन वेळा इन्शुलिन. महिनाभराच्या बाटल्या फ्रिजमध्ये. आन् फ्रिज इन्व्हर्टरवर जोडलेलाच नव्हता. जोडणाऱ्यानं विचारलं होतं, फ्रिज का कूलर? हा म्हणला होता, कूलर. शनिवारी दुपारपासून बंद पडलेल्या त्या फ्रिजमध्ये आता भाजी वास मारायली होती. बाहेर त्रेचाळीस डिग्री, वर पत्र्याचं छत. सरकारी दवाखान्याची आशाताई ज्योत्स्ना येऊन बघून गेली होती. बाटल्या अजून बिघडल्या नसतील, पण अशाच तापत ऱ्हायल्या तर भरवसा न्हाई, म्हणली. लातूरहून नव्या आणायच्या तर रस्ता बंद.

दोन वाजले. गल्लीत चिटपाखरू न्हाई, समदी लोकं लिंबाखाली आडवी. तेवढ्यात मला दिसला माणिकप्पा. चपला हातात, डोक्यावरून टॉवेल, काखेत काहीतरी दाबलेलं. मांजर दुधाकडं येतं तसा ओसरी चढला.

मित्रांनो, खरं सांगतो, मी काही केलं न्हाई. माझ्या अंगाला जरासं शेवाळ हाय, झाकण थोडं तिरकं बसतंय, आन् तांब्या त्याच्यावर. त्याचा कोपर लागला. झाकण खाली, तांब्या झाकणावर, तिथून पायरीवर, पायरीवरून रस्त्यावर. ठण्‌, ठण्‌, ठण्‌, ठण्‌. लिंबाखालचे समदे उठून बसले. अण्णाराव धोतर सावरत बाहेर आले आन् ओरडले, आला, आला.

लोकं पोट धरून हसायली. मीबी आतून डुचमळलो. तेवढ्यात टॉवेल घसरला आन् काखेतला प्लास्टिकचा डबा दिसला. आत छोट्या छोट्या बाटल्या.



"आईचं औषध हाय," माणिकप्पा म्हणला. "तुमच्या रांजणाखाली गारवा असतोय. हसायचं असलं तर नंतर हसा, वैनी."

तुळजाबाई हसल्या न्हाईत. पेटीतून कोरडं मडकं काढलं, आमुशाला धुवून ठेवलेलं. डबा नीट झाकून त्यात ठेवला, मडकं माझ्या पायाशी ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरलं, वर ओलं गोणपाट. ज्योत्स्नानं येऊन हात घालून बघितलं, मान हलवली. मंगळवारपर्यंत दर तासाला तुळजाबाई वाळूवर पाणी शिंपत होत्या. आन् मी? मी झिरपत होतो. जन्मात एवढा मन लावून झिरपलो नव्हतो. पैज कोण जिंकतंय ते मी विसरलोच होतो.

पण तुळजाबाई विसरल्या नव्हत्या. मडकं पुरून झाल्यावर समद्यांसमोर त्या म्हणल्या, "पैज मी हरले. माणिकप्पा आईसाठी आले, ते मागणं न्हाई धरायचं. गुरुवारी रांजण फोडते."

अहो बाई! मी मनातल्या मनात किंचाळलो. तुमचा मोठेपणा, आन् खापऱ्या माझ्या?

मंगळवारी लाईट आली. बुधवारी ज्योत्स्नानं नागम्माची शुगर तपासली, बरी होती. आन् गुरुवार उजाडला. बाजार भरला, मिरच्यांचे ढीग, बांगडीवाल्या, औशाची एष्टी. अण्णारावांनी गोठ्यातून मुसळ आणून भिंतीला टेकवलं, पण हात न्हाई लावला. सारखे माझ्याकडंच बघत होते. उगं तीनदा पाणी पिऊन गेले. तुळजाबाईंनी पदर खोचला, मुसळ उचललं. मला शेवटची टिचकी मारली. मी टण्‌कन वाजलो.

"ए तुळजा, ठेव ते खाली."

नागम्मा. काठी टेकत, एका हातानं लेकाचा सदरा धरून, बाजारातून वाट काढत येत होती. माणिकप्पानं कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, बहुतेक गिरणीवर बसायला. ओसरीसमोर आल्यावर तिनं काठी माझ्याकडं केली.

"ही बाई खोटं बोलली तुझी लाज राखायला. आन् तू चार दिवस गप ऱ्हायलास. माझं औषध कुणी राखलं? मार मिठी."

मित्रांनो, तुम्हाला एकच सांगतो. पुढच्या आमुशाला घरातली टॉर्च एकदा पेटवून बघा. घरात कुणाचं औषध गार ठेवायचं असंल तर लाईट गेल्यावर ते कुठं जाईल, हे लाईट असतानाच ठरवा. आन् गोठ्यात माझ्यासारखा कुणी पडला असंल, तर त्याच्या पोटातली पेंड काढा. बस.

तर माणिकप्पानं खाली मान घातली, दोन्ही हात पसरले आन् मला कवटाळलं. समदा बाजार थांबला. बांगडीवाल्या पुढं आल्या, एष्टीचा कंडक्टर दारात लटकला.

"रांजणदादा, तुम्ही थोरले, मी धाकला."

"ओंदु," नागम्मानं कानडीत मोजलं.

"रांजणदादा, तुम्ही थोरले, मी धाकला."

"एरडु."

तिसऱ्यांदा म्हणताना त्यानं मला जरा जास्तच दाबलं. तीस वर्षांचं झिरपणं हाय माझं. पांढरा सदरा गळ्यापासून बेंबीपर्यंत वल्ला झाला, वर शेवाळाचा हिरवा शिक्का. तो घाईघाईत पुटपुटला आन् बाजूला सरायला लागला.

नागम्मानं काठी आडवी धरली.

"ते ऐकू न्हाई आलं. परत म्हण."