धनलक्ष्मीचं बारसं

धनलक्ष्मी घरी आली तेव्हा आठ महिन्यांची होती. श्वेताने तिला दत्तक घेतलं होतं; नाव संस्थेतल्या बायांनी ठेवलेलं. तिचं बारसं झालं होतं की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. श्वेताच्या आईला, कावेरीबाईंना, तेच खात होतं. शेवटी त्यांचे यजमान भगवंतराव म्हणाले, "झालं नसेल तर मी चित्रात करतो." पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी यंत्रांचे आराखडे काढले होते, निवृत्तीनंतर रंग हाती घेतले होते.

दुपारी नात झोपली की हॉलमध्ये काम चाले. फुलांनी सजवलेला पाळणा, भोवती बायका, आणि कानात नाव सांगायला वाकलेली आजी. बाळाच्या जागी कावेरीबाईंच्या हातात दुपट्यात गुंडाळलेला वरवंटा.

"स्वल्प वाक. अजून. हं, अशीच राहा."

त्या तशाच राहिल्या. पंखा संथ फिरत होता. पडद्यातून आलेला उजेड कॅनव्हासवरून ओघळून त्यांच्या पदरात येऊन बसला. हळूहळू चित्रातल्या बायका खोलीत उतरल्या. निपाणीची मावशी आली, हुबळीची नणंद आली. कुणी गोविंद घ्या म्हणतंय, कुणी गोपाळ घ्या. हातातला दगड कोमट झाला, श्वास घेऊ लागला. दुधाचा वास आला. कावेरीबाईंनी त्या इवल्या कानाशी तोंड नेलं आणि मनात जपलेलं नाव सांगितलं, "शर्वरी."

"कोण शर्वरी, आई?"

दारात श्वेता उभी होती, महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून लवकर आलेली. तिने चित्रातलं बारा दिवसांचं तान्हं पाहिलं.

"अप्पा, हे बाळ आपल्याकडे कधीच नव्हतं. आणि तिला नाव आहे. तिचं म्हणून तेवढंच तर आलंय तिच्याबरोबर."

कावेरीबाईंना आपल्या हातातलं ओझं एकदम थंड लागलं. ते खाली ठेवून त्या आत गेल्या आणि नुकत्याच जाग्या झालेल्या नातीला कडेवर घेऊन आल्या.

"ते बाळ पुसा," त्या यजमानांना म्हणाल्या. "हिला काढा. आहे तशी."

भगवंतरावांनी ओला रंग खरवडला. मग दोन दात आले, विस्कटलेलं जावळ आलं. पाय पाळण्यात मावेनात, तसेच बाहेर राहिले. कावेरीबाई पुन्हा वाकल्या.

"धनलक्ष्मी."

नाव ओळखून पोरीने गर्रकन मान वळवली आणि आजीचं नाक घट्ट धरलं.

"हलू नका गं!" भगवंतराव ओरडले. पण तिघी हसत सुटल्या होत्या.