साडूची फळी

मी सुतार आहे. सुट्टीवर जातानाही माझ्या बॅगेत पाणसळ असते. काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध थांबला की काम सपाट, एवढं साधं ते हत्यार. गाडीत बसल्यावर बायको म्हणाली, "टॉवेल राहिला, आणि हे बरं आठवलं!" टॉवेल खरंच राहिला होता.

आम्ही निघालो होतो मेहुणीकडे; बायको या धाकट्या बहिणीला छोटीच म्हणते. तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या साडूने, बर्फ पडतो अशा उंच डोंगरात एक जुना गोठा घेऊन त्याचं घर केलं होतं. साडू विमा कंपनीत कारकून. स्टेपलरपेक्षा जड वस्तू त्याने आयुष्यात उचललेली नाही. पण रजा साठवून, मोबाइलवर व्हिडिओ बघून, दोन वर्षांत त्याने सगळं स्वतः केलं, असं मेहुणी फोनवर सांगायची आणि फोन ठेवला की बायको तेच मला पहिल्यापासून ऐकवायची. ऐकवताना ती ज्या भिंतीला टेकून उभी असायची, त्या भिंतीवर मी एक फळी बसवणार होतो. अकरा वर्षं झाली. गावभर माझ्या हातची कपाटं आहेत आणि आमचे डबे जमिनीवर.

पोचलो तर दारातच साडू. "या दादा! तुमच्यासारख्या कारागिराला दाखवायचं म्हणजे छातीत धडधडतंय बघा."

धडधडायलाच हवं होतं. पण घर, काय सांगू, चांगलं झालं होतं. खाली जिथे गुरं बांधायचे तिथे झोपायच्या खोल्या. गुरांच्या दाव्यांच्या लोखंडी कड्या भिंतीत तशाच ठेवून त्यांवर टॉवेल अडकवलेले. लांबलचक दगडी गव्हाणीत आता हात धुवायचे. वर गवत साठवायचा माळा होता, तिथे बसायची खोली, आणि गवत खाली ढकलायच्या झरोक्याला काच लावून त्यातून समोरचा डोंगर दिसेल असं केलेलं. मी बघत होतो आणि पोटात दुखत होतं.

स्वयंपाकघरात एक जाडजूड फळी होती. काळपट, जुनं लाकूड. बायकोने तिच्यावरून सावकाश हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "किती छान केलंय!" ती म्हणाली.

बावीस वर्षांच्या संसारात माझ्या एकाही कामावरून तिचा हात असा फिरला नव्हता. मला तेवढंच हवं होतं. गिऱ्हाइकांचं कौतुक मी खिशात घालून विसरून जातो. हिचं एक "छान" मात्र कधी वाट्याला आलं नाही, आणि ते या कारकुनाने पहिल्याच दिवशी घेतलं.

मग मी पाणसळ काढली. फळी डावीकडे उतरती होती. मी तिच्यावर एक लिंबू ठेवलं. ते घरंगळत जाऊन खाली पडलं.

"भावोजी, आमची लिंबं तशी खेळकरच आहेत," मेहुणी हसून म्हणाली. सगळेच हसले. बायकोसुद्धा.

त्यानंतर मी काही गप्प बसलो नाही. जिन्याची चौथी पायरी उंच. न्हाणीघराचं दार घासतं. खिडकीच्या चौकटीत सांधा उघडा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अकरा चुका काढून झाल्या. साडू प्रत्येक वेळी "हो का दादा?" म्हणून मान हलवायचा, आणि त्याच्या त्या नम्रपणाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी मी विचारलं, "या फळीला इतकं जुनं लाकूड आणलं कुठून?"

"आणलं कुठे? घरातलंच! माळ्यावर मधोमध आडवी तुळई होती. जो तो डोकं आपटायचा. मग कापून काढली."

मी जिना चढून वर गेलो. दोन्ही भिंतींतून तुळईची कापलेली टोकं बाहेर आली होती आणि त्यांना फुलांच्या कुंड्या टांगल्या होत्या. ही तुळई म्हणजे त्या घराचा कंबरपट्टा. छपराचं वजन दोन्ही भिंतींना बाहेर ढकलत असतं आणि तुळई त्यांना आत धरून ठेवते. मी गुडघ्यावर बसलो. जमीन आणि भिंत यांच्यामध्ये फट होती. माझी करंगळी आत गेली.

खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा मला आनंद झाला. मेहुणीचं, घराचं काय होईल हे नंतर सुचलं, आणि त्याची लाज त्याच्याही नंतर वाटली.

जेवताना मी सांगितलं, चांगलं ठासून. घर फाकतंय. बर्फ पडला तर छप्पर खाली येईल.

कुणी घास थांबवला नाही. "बारावी," मेहुणी म्हणाली.

"अहो, पुरे झालं आता," बायको हळूच म्हणाली. "त्यांचं चांगलं झालेलं बघवत नाही का तुम्हाला?"

नव्हतंच बघवत. म्हणून तर आता खरं बोलूनही उपयोग नव्हता. अकरा क्षुल्लक चुका मी इतक्या चवीने सांगितल्या होत्या, की बाराव्या खरीला कुणी विचारेना. मी पिठाची खळ केली, कागदाची एक पट्टी त्या फटीवर आडवी चिकटवली आणि खाली येऊन बायकोला म्हटलं, "भिंत हलली नाही तर कागद जसाच्या तसा राहील. मग मी तोंड उघडणार नाही."

"फार बरं होईल," ती म्हणाली.

रात्री बर्फ पडला. सकाळी मला जाग आली ती बायकोच्या हाकेने. ती जिन्यात उभी होती, चेहरा उतरलेला. "अहो, कागद फाटलाय."

ती स्वतःहून बघायला गेली होती. एवढं मला पुरलं असतं. पण तेव्हा वेळ नव्हता. मी सगळ्यांना बाहेर काढलं, साडूला शिडी लावून छपरावरचा बर्फ ओढायला लावलं, आणि वखारीतून नवी तुळई आणवली. आमची राहिलेली सुट्टी त्यातच गेली. साडू मुकाट्याने मी सांगेन ते धरत होता, सांगेन तिथे भोक पाडत होता. कुंड्या उतरवताना एकदाच म्हणाला, "दादा, तुम्ही नसतात तर..." आणि कुंडी माझ्या हातात दिली. मला त्याच्यावर धड रागावताही आलं नाही, याचाच राग आला.

तुळई बसली. दोन्ही टोकांना लोखंडी पट्ट्या, बोल्ट, सगळं घट्ट. पहिलं डोकं साडूनेच आपटलं.

परतताना गाडीत तरी बायको "छान" म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. मग ती म्हणाली, "पण त्यांनी किती शांतपणे घेतलं ना? दुसरा कुणी असता तर तुमच्यावरच उखडला असता."

घरी आल्यावर दुसऱ्याच रविवारी मी फळी करायला घेतली. सागाची, चांगली मुरलेली. दोनदा रंधा मारला, कडा गोल केल्या, एकही खिळा दिसू दिला नाही. भिंतीवर चढवून पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध, जागचा हलेना. मी बायकोला हाक मारली.

ती हात पुसत आली. टोपलीतलं लिंबू उचलून तिने स्वतःच फळीवर ठेवलं. लिंबू जिथल्या तिथे राहिलं. मग तिने हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

"छान झालीय," ती म्हणाली.

तिचे डोळे खरोखर भरून आले होते.

"अगदी छोटीकडच्यासारखी."