शिवेवरची काळी कोंबडी

या, असे अलीकडे या. सतरंजीवर जागा आहे, भिंतीला टेकायचं असेल तर टेका. बुवांची गाडी लांबली आहे म्हणतात, टाळकरीही अजून चहाच पितायत. तोवर तुम्हाला एका माणसाची गोष्ट सांगून टाकू. गोड नाही ती. मधेच उठावंसं वाटलं तर खुशाल उठा, पण अर्धी ऐकून पुढे कुणाला सांगू नका. लोकांनी अर्धीच सांगितली, म्हणून तर त्या माणसाचं वाटोळं झालं.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षीचा उन्हाळा. विंचूरहून लासलगावाकडे जाताना आडबाजूला एक माळ लागतो, त्यावर आमची वस्ती होती. विहिरी तळाला गेलेल्या. वैशाख लागायच्या आधीच धोंडे असे तापायचे की अनवाणी माणूस अंगण पळतच ओलांडायचा. झाड म्हणाल तर बाभळी, आणि चांगुणाच्या दारचा एक लिंब.

चांगुणा ही पुंजारामची बायको. पुंजाराम लासलगावच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहायचा. सकाळी गेला की दिवेलागणीलाच परत. दिवसभर घरात चांगुणा आणि तिच्या कोंबड्या. तसल्या उन्हात कोंबडी जगवणं सोपं नाही हो. दुपार चढली की कोंबडी चोच उघडी टाकते, पंख अंगापासून सुटे सोडते आणि नुसती धापत राहते. तेव्हा लक्ष दिलं नाही तर संध्याकाळी मेलेल्या वेचायच्या. चांगुणानं लिंबाखाली मातीचं बुटकं खुराडं केलं होतं, वर पाचटाचा जाड थर. दाराला गोणपाट टांगायची आणि भांडी विसळलेलं पाणी त्यावर मारत राहायची. पाण्याच्या खापरीत कांदा ठेचून टाकायची. माणसं हंडाभर पाण्यासाठी वणवण करत होती, पण तिची खापरी कधी कोरडी पडली नाही.

पुंजाराम म्हणायचा, "मलाबी ह्या खुराड्यातच ठेव की. निदान गार तरी वाटंल."

"तुम्ही अंडं देताय का?" ती विचारायची.

सावळीराम हा पुंजारामचा थोरला भाऊ. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, जेवायला चांगुणाकडेच. गळ्यात तुळशीची माळ. तिच्या घरी अंडी शिजायची म्हणून त्याचा तवा वेगळा, ताट वेगळं, आणि ती दोन्ही चांगुणा राखेनं घासून उंच फळीवर ठेवायची. तो कीर्तनाचा एवढा वेडा की पंचक्रोशीत कुठे वीणा उभी राहिली की हा हजर. आवाज बेताचाच, पण ऐकताना त्याच्या डोळ्यांना धार लागायची. मुंगी दिसली तरी पाऊल आखडून घेणारा माणूस. अंगणात विंचू निघाला तर चिमट्यात धरून बांधापलीकडे सोडून यायचा. बायका हसायच्या. "सावळीदादा, त्याला वाटखर्चीबी देऊन टाका."

मावळतीकडच्या गावात तेव्हा सप्ताह बसला होता. गावाच्या एका टोकाला हरिनाम चाललेलं, आणि दुसऱ्या टोकाला घरोघर कोंबड्या पडत होत्या. ते सप्ताहाला गेलेल्यांना कळायचं कारण नव्हतं. माळकऱ्यांत कोंबडीची गोष्ट कोण काढणार? काल्याच्या दिवशी बुवांनी एक वाक्य सांगितलं. ते म्हणाले, ज्याला पाणी मागता येतं त्याला पाजणारे पुष्कळ. ज्याला मागताच येत नाही त्याला पाजा, तिथं देव भेटतो. सावळीराम ते वाक्य तोंडात घोळवतच भर दुपारी घराकडे निघाला.

दोन्ही गावांच्या शिवेवर, बाभळीखाली, त्याला मरीआईचा गाडा दिसला. हातभर लांबीचा लाकडी गाडा, त्यात लिंबं, हिरव्या बांगड्या, चोळीचा खण. आपल्याकडची रीत ठाऊक आहे ना? रोगराई आली की देवीचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत न्यायचा आणि पलीकडच्या हद्दीत सोडून द्यायचा. सोबत एक जिवंत कोंबडी. मागे वळून बघायचं नाही. पलीकडच्यांनी तो आणखी पुढच्या शिवेवर न्यायचा. मधे कुणी त्या कोंबडीला हात लावायचा नाही.

ती काळी होती, उलट्या पिसांची. पाय दोरीनं बांधलेले, तुऱ्याला कुंकू फासलेलं. ऊन डोक्यावर आलं तशी बाभळीची सावली सरकून गेली होती आणि ती तापल्या मातीवर आडवी पडून चोच उघडत होती, मिटत होती. सावळीरामनं पुष्कळ वेळ इकडंतिकडं बघितलं. मग फिरकीच्या तांब्यातलं पाणी तिच्या चोचीत घातलं. पाणी पाजलं आणि पुढे गेला असता तर ही गोष्टच नव्हती. पण पाजलेला जीव तसाच उन्हात कसा टाकायचा? त्यानं दोरी सोडली, उपरण्याच्या ओल्या टोकानं कुंकू पुसलं आणि कोंबडी काखेत घेतली.

स्वतःच्या घरात ठेवणं शक्य नव्हतं. तो चांगुणाकडे आला.

"वाटेत घावली," म्हणाला. "उन्हात पडली हुती. तुझ्यात ठेव."

चांगुणानं कोंबडी उलटीपालटी करून बघितली. "पायाला वळ कशाचे हो, भाऊजी?"

त्या माणसाला खोटं बोलता येत नव्हतं. त्या दिवशी गप्प बसणं मात्र जमलं. चांगुणानं पुन्हा विचारलं नाही. ज्याचं ताट वेगळं मांडतो त्या माणसावर संशय कसा घ्यायचा?

रीतीप्रमाणे नवी कोंबडी दोन-चार दिवस डालग्याखाली वेगळी झाकतात. चांगुणानंही झाकली. पण डालग्याखाली त्या उन्हात भाजूनच निघाली असती, म्हणून तिनं तिला गार खुराड्यात सोडलं. एकच खुराडं, एकच खापरी.

पुढच्या आठवड्यात पहिली कोंबडी गळाठली. चोच उघडी, पंख सुटे. चांगुणा म्हणाली, ऊन लागलं. तिनं गोणपाट आणखी भिजवलं, दारची फट चिखलानं लिंपली, अंगणात फिरणाऱ्याही सगळ्या पकडून दुपारभर आत कोंडल्या. जेवढं ऊन वाढत होतं तेवढी ती त्यांना एकमेकींजवळ गारव्याला बसवत होती. मग एका सकाळी पाचट बाजूला केलं, तर तिची जुनी खुडूक कोंबडी मान पाठीकडे पिळवटून गोल गोल फिरत होती. धान्यावर चोच मारायची, ती मातीत बसायची.

चांगुणा खालीच बसली. ऊन लागलेली कोंबडी अशी फिरत नाही. ही मानमोडी होती, एकीची दुसरीला लागणारी.

खुराडं ओस पडत गेलं. उरली ती काळी. ती आपली उलटी पिसं फुलवून खापरीवर पाणी पीत असायची, आणि एका सकाळी तिनं अंडंही घातलं. ते अंडं कुणी उचललं नाही.

मग शेजारच्या दारच्या पडायला लागल्या. वस्तीत कुणी मोठ्यानं बोलेना. उगवतीच्या शिवेपलीकडे बायडाबाईचं खोपटं होतं. एकटी बाई, कर्तं माणूस नाही, अंडी आणि पिलं विकून मीठमिरची चालवायची. एरवी ती चांगुणाकडे येऊन चहा प्यायची. त्या दिवशी ती बांधावरच थांबली, पाऊल अलीकडे टाकलं नाही.

"चांगुणा, तुमच्यात कोंबड्या पडत्यात म्हणं?"

"पडत्यात."

"तुमचा गाडा माझ्याकडंच येणार. वाट तीच हाय." तिनं वळून आपल्या खोपटाकडे बघितलं. "तुझ्या दिराला सांग. तो देवाधर्माचा माणूस हाय, त्याचं ऐकत्याल."

सावळीराम ओट्यावर बसला होता. त्याला शब्द न् शब्द ऐकू गेला. त्या दिवशी त्याचं ताट तसंच परत गेलं.

मंगळवारी सकाळी वस्ती लिंबाखाली जमली. देवीचा भगत मोतीराम नवा गाडा घेऊन आला, हळदीनं पिवळा केलेला. मोतीराम वाईट माणूस नव्हता. त्याच्याही दारच्या कोंबड्या गेल्या होत्या. त्यानं खुराड्याकडे बघितलं आणि ती काळी दिसताच हात जोडले.

"हिला देवीनंच राखली," तो म्हणाला. "हीच जाईल गाड्यासंगं. पकड गं चांगुणा."

चांगुणा वाकली. तेवढ्यात सावळीराम उठून मधे आला.

"ती आपली न्हाई," तो म्हणाला. "मावळतीच्या गाड्यावरची हाय. मी आणली."

सगळं सांगितलं त्यानं. बुवांचं वाक्य, बाभळ, दोरी, कुंकू पुसलेलं उपरणं. सांगताना नजर चांगुणाच्या पायांवर होती. ऐकता ऐकता माणसं मागे सरकत गेली आणि खुराड्याभोवती मोकळं रिंगण पडलं. पुंजारामनं त्या दिवशी खाडा केला होता. तो भावाकडे बघत राहिला, मग मान फिरवून लिंबाच्या खोडाशी जाऊन बसला.

मोतीराम शेवटी बोलला. "सोडलेली कोंबडी घरात घेतली तुम्ही. आता तर तिला कुणी वावगा हात लावायचा न्हाई. आली तशी पुढं जाऊ द्या."

"पुढं म्हंजी बायडाबाईच्या कोंबड्यांत," सावळीराम म्हणाला.

"तिनं आणखी पुढं सारावी. पुढं गावं काय कमी हायेत?"

एक-दोघं हसले. सावळीराम हसला नाही.

"ही जिकडं जाईल तिकडं मरण नेईल," तो म्हणाला. "हितंच मारून खोल पुरा. कुणीबी मारा."

कुणी पुढे आलं नाही. याच माणसांनी सणावाराला शेकड्यांनी कोंबड्या कापल्या असतील. पण देवीच्या नावानं सोडलेली कापायची म्हणजे घरावर मरी ओढवून घ्यायची. मोतीराम म्हणाला, "तुम्ही न्हाई ना भीत मरीआईला? माळकरी तुम्ही. मग तुम्हीच करा की. आम्ही कुठं आडवं येतोय?"

तो टोमणा होता. पण खरंही तेच होतं. त्या माळावर ज्याला देवीचं भय नव्हतं असा एकच माणूस, आणि त्याच्या गळ्यात माळ.

चांगुणा हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, भाऊजी. माझ्या गेल्या त्या गेल्या. तुम्ही कशाला बाटताय? जाऊ द्या तिला पुढं."

सावळीरामनं बांधापलीकडे बघितलं. बायडाबाईच्या खोपटाचं छप्पर तिथून दिसायचं, आणि छपरावर तिचा लाल कोंबडा उभा होता. मग त्यानं दोन्ही हात मानेमागे नेले. माळ निघता निघेना, केसांत अडकली. ती काढून त्यानं चांगुणाच्या ओंजळीत ठेवली. "तुळशीत ठेव," एवढंच म्हणाला.

कोंबडी त्याच्या हातात आपणहून आली. ओळख होती ना. त्याला मारता येत नव्हतं. कधी केलंच नव्हतं त्यानं. मान धरली, पिळली, ती सुटली, पुन्हा धरली. ती ओरडत होती आणि तो तोंडानं नाम घेत होता, आणि दोन्ही आवाज एकात एक मिसळले होते. आम्ही तिथेच उभे होतो. आमच्यातल्या कुणाचा पाय पुढे पडला नाही. शेवटी चांगुणाच पुढे झाली.

"अशी नाय, भाऊजी," ती म्हणाली. "पाय पायाखाली दाबा. आता वर ओढा."

जमिनीला कुदळ लागत नव्हती. लोक एकेक करून घरी गेले, मोतीराम रिकामा गाडा घेऊन गेला. खड्डा त्या दोघांनीच खणला. चुना टाकला, वर धोंडे रचले. मग चांगुणानं खुराड्याचं पाचट ओढून काढून जाळलं.

बायडाबाईच्या दारी त्या उन्हाळ्यात मानमोडी गेली नाही. ते कशामुळे, हे आम्ही सांगणारे कोण? पण वस्तीनं हिशेब वेगळा मांडला. कुणाची गाय आटली, कुणाचं पोर तापानं फणफणलं, की बोट सावळीरामच्या घराकडे. देवीची कोंबडी चोरली आणि तिची मान मुरगळली, एवढंच सांगत राहिले. पाणी पाजल्याचं कुणी सांगितलं नाही. त्याच्या दारावरून जाताना बायका पोरांच्या डोळ्यांवर पदर धरायच्या. पुंजारामनं आधी वेगळी चूल मांडायला लावली, मग बोलणं सोडलं. चांगुणा मात्र रोज भाकरी नेऊन ठेवायची, त्याच जुन्या ताटात.

सप्ताहाचे बुवा एकदा मुद्दाम वाकडी वाट करून आले. त्यांनी स्वतः माळ पुढे केली. सावळीराम पाया पडला, पण माळ घेतली नाही. म्हणाला, "महाराज, तुमचं वाक्य खरं हाय. माझे हात तेवढे पहिल्यासारखे ऱ्हायले न्हाईत."

कीर्तन त्यानं सोडलं नाही. आत येत नसे. बाहेर रस्त्याच्या कडेला, ऊन असो की चिखल, चप्पल काढून उभा राहायचा आणि ओठ हलवायचा. आत बसलेली माणसं वळून बघायची नाहीत. अशाच एका उन्हाळ्यात, कीर्तन आत रंगात आलेलं असताना, तो उभ्या जागी खाली बसला आणि परत उठला नाही. कीर्तन संपून लोक बाहेर आले तेव्हा कळलं. ज्याला मागता येत नव्हतं त्याला पाजणारं तिथं कुणी नव्हतं.

एवढीच गोष्ट. आता आज नामाचा गजर होईल, तेव्हा स्वतःसाठी, घरच्यांसाठी घ्यायचं ते घ्या, आणि त्यातलं एक नाम सावळीरामसाठी घ्या. कोण सावळीराम, असं कुणी विचारलं तर पुरी गोष्ट सांगा.